किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य आणि वांशिक फरक: आकडा कोणाच्या तोंडून, कोणत्या दारातून?

एका शाळेत नुकतेच समुपदेशनाचे काम हाती घेतलेल्या व्यक्तीने पत्रातून तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. वेगवेगळ्या वांशिक गटांतील किशोरवयीन मुलामुलींच्या मानसिक आरोग्यात खरोखरच फरक असतो का, असल्यास तो उपजत असतो की परिस्थितीतून येतो, आणि समोर बसलेल्या मुलाशी बोलताना त्या फरकाचे करायचे काय? किशोरवयीनांच्या मानसोपचारात माझी बरीच वर्षे गेली, तरी पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणताना मी आजही अडखळतो. फरक आढळतात, आणि काही वेळा ते चांगलेच मोठे असतात. परंतु त्यांची दिशा आजारागणिक, देशागणिक आणि वयागणिक बदलते, आणि एकाच गटातील मुले एका मोजणीत सर्वांत निरोगी तर दुसऱ्या मोजणीत सर्वांत अडचणीत दिसतात. त्यामुळे असा कोणताही आकडा हाती आला की तो कोणाच्या तोंडून आला, म्हणजे माहिती कोणी दिली, आणि कोणत्या दारातून आला, म्हणजे मूल मदतीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, हे मी आधी पाहतो. पुढचे सारे विवेचन या एका सवयीचेच आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठीत ‘वंश’ म्हटले की वंशावळ, वंशज, वंशपरंपरा असे सगळे रक्ताचे संदर्भ जागे होतात. संशोधनातला ‘वांशिक गट’ तसा नसतो. बहुतेक सर्वेक्षणांत तो मुलाने किंवा पालकाने यादीतून स्वतः निवडलेला पर्याय असतो, आणि त्यात पूर्वजांचा देश, भाषा, धर्म, वर्ण आणि ‘आपण कोणातले’ ही भावना अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न प्रथम १९९१ मध्ये आला; मिश्र वंशाचे पर्याय २००१ मध्ये जोडले गेले; आणि चिनी मूळ असलेली माणसे २०११ मध्ये ‘आशियाई’ या शीर्षकाखाली आली. रक्तातली एखादी गोष्ट दर दहा वर्षांनी अशी घर बदलत नाही. म्हणून हे गट सामाजिक ओळखीचे आहेत असे धरूनच पुढे वाचावे.

आता प्रत्यक्ष आकडे. इंग्लंडमध्ये २०१७ साली मुलांच्या मानसिक आरोग्याचे मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केवळ गुणांकन नव्हते; पालक, शिक्षक आणि मोठी मुले यांच्याकडून सविस्तर माहिती घेऊन तज्ज्ञांनी निदान ठरवले होते. ५ ते १९ वयोगटातील १२.८ टक्के मुलांना, म्हणजे साधारण आठांपैकी एकाला, किमान एक मानसिक विकार असल्याचे आढळले. श्वेत ब्रिटिश मुलांत हे प्रमाण १४.९ टक्के होते, तर कृष्णवर्णीय मुलांत ५.६ टक्के आणि आशियाई मूळ असलेल्या मुलांत ५.२ टक्के. गरिबी, दाटीवाटीची घरे, भेदभाव हे सगळे ज्या गटांच्या वाट्याला अधिक येते, त्याच गटांत विकारांचे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश! पहिल्यांदा हे वाचणाऱ्याला छपाईची चूक झाली असावी असे वाटते. ती चूक नाही. त्याआधीच्या अभ्यासांतही हेच सूचित झाले होते. लंडनमधील ५१ शाळांतील सहा हजारांहून अधिक मुलांवर २००२-०३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅश’ या अभ्यासात अल्पसंख्य गटांतील बहुतेक मुलांचे मानसिक स्वास्थ्य, अधिक हलाखी सोसूनही, श्वेत मुलांच्या बरोबरीचे किंवा त्याहून चांगले आढळले. पूर्व लंडनच्या शाळांत २००१ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात बांगलादेशी मुलांमध्ये, त्यांच्या भोवतालची गरिबी पाहता अपेक्षा होती त्याहून कमी मानसिक ताण दिसला.

या कोड्याचा सर्वांत कसून शोध ॲना गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. ब्रिटनमधील भारतीय मूळ असलेल्या मुलांना मानसिक आरोग्याच्या बाबतीत जो लाभ दिसतो तो खरा आहे की मोजमापाचा भास आहे, असा त्यांचा प्रश्न होता. १९९९ आणि २००४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणांतील माहिती त्यांनी उलटसुलट तपासली. लाभ बऱ्याच अंशी खरा ठरला. मात्र तो होता वर्तनसमस्या आणि अतिचंचलता यांसारख्या ‘बाहेर दिसणाऱ्या’ अडचणींत. चिंता, नैराश्य यांसारख्या ‘आत राहणाऱ्या’ अडचणींत तो तसा आढळला नाही. आई-वडील दोघेही घरात असणे आणि अभ्यासातील गती यांनी फरकाचा काही भाग उलगडला, बराचसा तसाच राहिला. मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटली. श्वेत मुलांमध्ये घरची आर्थिक स्थिती जसजशी खालावते तसतशा अडचणी वाढत जातात, आणि भारतीय मूळ असलेल्या मुलांत हा उतार जवळजवळ दिसतच नव्हता. म्हणजे लाभ सर्वाधिक होता तो गरीब घरांतल्या मुलांना. स्थलांतरित कुटुंबात हातातला पैसा आणि घरातले शिक्षणाविषयीचे वातावरण यांची जोडी इतरांपेक्षा सैल असते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. पदवी घेतलेला बाप नव्या देशात मिळेल ते काम करत असेल, तर उत्पन्नाच्या रकान्यातून त्या घराची खरी ओळख पटत नाही.

इथवर वाचून ‘मग या मुलांची काळजीच नको’ असा अर्थ काढणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी दुसरा आकडा. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या ‘ईसॉप’ अभ्यासात, १६ ते ६४ वयोगटात, आफ्रिकन-कॅरिबियन मूळ असलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे (भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे) नव्याने होणारे निदान श्वेत ब्रिटिशांच्या सुमारे नऊपट, आणि आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये जवळजवळ सहापट आढळले. बालपणी आणि किशोरवयात जो गट सरासरीहून निरोगी दिसतो, त्याच गटात तारुण्यात हे चित्र. दोन्ही अभ्यासांतील पिढ्या वेगळ्या आहेत आणि आजारही वेगळे आहेत, त्यामुळे त्यांना सरळ रेषेने जोडता येत नाही. तरीही किशोरवयाच्या शेवटच्या वर्षांत, शाळा सुटून जगाशी उघडी गाठ पडते तेव्हा, काही तरी बिघडत असावे ही शंका या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेकांच्या मनात आहे. हा फरक जन्मजात असेल असे मानणाऱ्यांची अडचण अशी की जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस येथे झालेल्या अभ्यासांत तिथल्या लोकांमध्ये असे वाढलेले प्रमाण आढळलेच नाही. जनुके तीच, समुद्रापलीकडचे आयुष्य निराळे.

आता ‘कोणाच्या तोंडून’ याकडे वळतो, कारण शाळेत काम करणाऱ्याला सर्वाधिक उपयोग याचाच आहे. मुलांच्या अडचणी मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक २५ विधानांची प्रश्नावली आहे. रॉबर्ट गुडमन यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘एसडीक्यू’ म्हणून ओळखली जाते. पालक, शिक्षक आणि अकरा वर्षांवरील मूल असे तिघेही ती वेगवेगळी भरू शकतात. तिघांची उत्तरे जुळत नाहीत, हे कोणत्याही गटात खरे असते. प्रश्न असा की न जुळण्याची तऱ्हा गटागणिक बदलते का. नेदरलँड्समध्ये मोरोक्कन, तुर्की आणि डच मुलांची तुलना झाली तेव्हा शिक्षकांनी मोरोक्कन मुलांत आक्रमकता, शिस्तभंग यांसारख्या वर्तनसमस्या डच मुलांपेक्षा बऱ्याच अधिक नोंदवल्या. पालकांच्या आणि खुद्द मुलांच्या उत्तरांत मात्र तसा फरक नव्हता. यातून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक, शिक्षकांची नजर कलुषित आहे. दोन, मूल घरी एक आणि शाळेत दुसरे असते. अनुभवाने सांगतो, बहुधा दोन्ही थोडे थोडे खरे असते, आणि कोणते किती हे त्या विशिष्ट मुलाजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

प्रश्नावलीतील शब्दही निष्पाप नसतात. ‘चंचल आहे’, ‘फार काळजी करतो’, ‘मोठ्यांचे ऐकतो’ या विधानांना ‘काही अंशी खरे’ म्हणायचे की ‘निश्चितच खरे’, हे उत्तर देणाऱ्याच्या मनातल्या मापावर ठरते. एका घरात मोठ्यांना उलट प्रश्न विचारणारी मुलगी हुशार ठरते, दुसऱ्या घरात उद्धट. सात देशांतील मुलांची माहिती एकत्र करून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की प्रश्नावलीवरील सरासरी गुणांत देशादेशांत जो फरक येतो, तो सविस्तर तपासणीतून ठरलेल्या विकारांच्या प्रमाणाशी फारसा जुळत नाही. एका समाजाच्या आत ही प्रश्नावली उत्तम काम करते. दोन समाजांची तुलना करताना तिच्यावर एकटीवर विसंबू नये. म्हणून शाळेतल्या प्रश्नावलीच्या चाळणीत एखाद्या गटाची मुले जास्त अडकली किंवा अजिबात अडकली नाहीत, तर आधी ती चाळणी तपासावी.

याच ओघात अमेरिकेतील एक विसंगती सांगणे भाग आहे. तिथे नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे देशव्यापी सर्वेक्षण ठरावीक वर्षांनी होते. २०२१ च्या फेरीत, सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ दुःखी वा निराश वाटल्याने नेहमीचे व्यवहार थांबले, असे ४२ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. मुलींमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते. गटवार पाहिले तर श्वेत विद्यार्थ्यांत ते ४१ टक्के आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत ३९ टक्के, म्हणजे किंचित कमीच. आता त्याच सर्वेक्षणातला पुढचा प्रश्न पाहावा. मागील वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे श्वेत विद्यार्थ्यांपैकी ९ टक्क्यांनी सांगितले, कृष्णवर्णीयांपैकी १४ टक्क्यांनी, मूलनिवासी विद्यार्थ्यांपैकी १६ टक्क्यांनी आणि आशियाई मूळ असलेल्यांपैकी ६ टक्क्यांनी. दुःख कमी सांगणारा गट आत्महत्येचे प्रयत्न मात्र अधिक सांगतो. ‘उदास वाटते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. ही सवय काही मुलांच्या बाबतीत किती धोक्याची आहे, ते या दोन रांगा शेजारी ठेवल्यावर उघड होते. ज्याला दुःखाला दुःख म्हणायची मुभा नाही, अशा मुलाची उदासी चिडचिडीतून, मारामारीतून, पोटदुखी-डोकेदुखीतून किंवा शाळेला दांड्या मारण्यातून बाहेर पडते.

वयाचाही खेळ इथे आहे. अमेरिकेतील २००१ ते २०१५ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ ते १७ या वयात कृष्णवर्णीय मुलांचे आत्महत्येचे प्रमाण श्वेत मुलांच्या साधारण निम्मे होते. ५ ते १२ या वयात ते साधारण दुप्पट. सगळी वये एकत्र करून पाहणाऱ्यांच्या नजरेतून हे वर्षानुवर्षे निसटत राहिले, कारण लहान वयातील घटना सुदैवाने फार थोड्या असतात आणि मोठ्या वयातील आकड्यांखाली त्या दडपल्या जातात. त्या सुमारास, २०१९ मध्ये, अमेरिकी काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने या विषयावर स्वतंत्र कृतिदल नेमले. ‘या गटात आत्महत्या कमी असतात’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य मीही विद्यार्थिदशेत पाठ केले होते, याची मला आता लाज वाटते.

दाराचा मुद्दा थोडक्यात. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य सेवेत येणाऱ्या मुलांच्या वाटा तपासल्या तेव्हा श्वेत ब्रिटिश मुले तुलनेने अधिक प्रमाणात कुटुंबाच्या डॉक्टरांमार्फत आली होती, तर अल्पसंख्य गटांतील मुले शाळा, समाजकल्याण विभाग अशा यंत्रणांमार्फत अधिक. डॉक्टरांच्या चिठ्ठीने येणारे मूल बहुधा स्वतःच्या किंवा आईच्या पायांनी आलेले असते. दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला बहुधा कोणी तरी पाठवलेले असते. पाठवलेल्या मुलाशी पहिली भेट कशी होते, हे या कामातल्या कोणालाही सांगायला नको. प्रौढांमध्ये याचे टोक दिसते: मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल होण्याचे प्रमाण इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांत श्वेतांच्या कित्येक पट आहे. ज्या समाजात थोरला भाऊ किंवा काका अशा रीतीने नेला गेलेला असतो, त्या समाजातला पंधरा वर्षांचा मुलगा ‘मला आवाज ऐकू येतात’ असे सहजासहजी सांगणार नाही. तो न सांगितल्यामुळे उशिरा येतो आणि उशिरा आल्यामुळे सक्तीने येतो. हे चक्र तोडण्याची जागा किशोरवयच आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कारणांकडे, येतो. ‘गरिबी’ हे सर्वांत पहिले आणि सर्वांत आळशी उत्तर आहे. आळशी म्हणतो कारण ते अर्धे बरोबर आहे आणि कोणते अर्धे, हे विचारायचे राहून जाते. याबाबत निसर्गानेच घडवून आणावा तसा एक प्रयोग झाला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रेट स्मोकी पर्वतांच्या परिसरात जेन कॉस्टेलो आणि सहकारी १९९३ पासून १,४२० मुलांचा दरवर्षी पाठपुरावा करत होते. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश मूलनिवासी चेरोकी समाजाची होती. १९९६ च्या सुमारास त्या समाजाच्या राखीव भूमीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा समाजातल्या प्रत्येकाला मिळू लागला. काही घरे गरिबीतून वर आली, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः काही वेगळे केलेले नव्हते. या घरांतल्या मुलांच्या वर्तनसमस्या चार वर्षांत इतक्या उतरल्या की ती मुले कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आली. पालकांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळू लागली, हे त्यामागचे एक प्रमुख कारण दिसले. चिंता आणि नैराश्य यांच्यात मात्र असा फरक पडला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देतो. मुलाच्या वागण्यातली किती तरी ‘वांशिक’ वैशिष्ट्ये म्हणजे रिकाम्या खिशाची आणि थकलेल्या आईची वैशिष्ट्ये असतात, आणि तरीही मनातल्या काही जखमांना पैसा पोहोचत नाही, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात.

पैसा न पोहोचणाऱ्या जखमांत वंशद्वेष पहिला. मुले आणि तरुण यांच्यावरील वंशभेदाच्या परिणामांविषयी २०१३ मध्ये १२१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि त्यात सर्वांत ठळक व सातत्याने दिसलेले नाते नैराश्य व चिंता यांसारख्या मानसिक त्रासाशीच होते. ‘डॅश’ अभ्यासातही वंशभेद अनुभवलेल्या मुलांचे स्वास्थ्य खालावलेले होते, आणि आई-वडिलांची माया व देखरेख ते सावरून धरत होती. किशोरवय या बाबतीत विशेष नाजूक असते. सात वर्षांच्या मुलाला शिवी कळते. पंधरा वर्षांच्या मुलाला ती शिवी फक्त आपल्याला नसून आपल्या आईला, आजीला, आपल्या सगळ्यांना आहे हे कळते. ‘मी कोण’ हा प्रश्न ज्या वयात डोके खातो, त्याच वयात जग त्याचे एक तयार उत्तर हातात कोंबते. आपल्या गटाविषयी आपुलकी आणि स्पष्टता असलेली मुले हा मारा बऱ्यापैकी झेलतात असे अनेक अभ्यास सांगतात. पूर्व लंडनमधील बांगलादेशी मुलांत, आपल्या समाजाचा पारंपरिक वेश पसंत करणाऱ्यांना पुढे मानसिक अडचणी कमी आल्याचेही नोंदले गेले. यावरून कोणी वेशाची सक्ती करू नये. मुलीने स्वतः आवडीने घातलेला पोशाख आणि तिच्यावर लादलेला पोशाख प्रश्नावलीत सारखेच दिसतात.

समाज म्हणून ‘आपले काही’ टिकणे किती मोलाचे असते, ते कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मूलनिवासी समूहांच्या अभ्यासाइतके स्पष्ट मला इतरत्र कुठे दिसलेले नाही. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालॉन्ड यांनी १९८७ ते १९९२ या काळातील तरुणांच्या आत्महत्या समूहवार मांडल्या. एकत्रित सरासरी भयावह होती. पण जवळपास दोनशे समूहांपैकी निम्म्याहून अधिकांत त्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती; बहुतांश मृत्यू मोजक्या समूहांत एकवटले होते. हा भेद कशाने पडतो हे पाहताना त्यांनी सहा गोष्टी तपासल्या: स्वशासन, जमिनीच्या हक्कांसाठीचा लढा, शिक्षण, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन सेवा यांवरील समूहाचे नियंत्रण, आणि सांस्कृतिक कार्यासाठी स्वतःची वास्तू. सहाही गोष्टी होत्या तिथे तरुणांच्या आत्महत्या शून्य होत्या. एकही नव्हती तिथे प्रमाण सर्वाधिक होते. ‘मूलनिवासी तरुणांत आत्महत्या अधिक’ हे विधान सरासरी म्हणून खरे आहे, पण त्यातून त्या निम्म्याहून अधिक समूहांविषयी काहीच कळत नाही. नॉर्वेच्या उत्तर भागातील सामी या मूलनिवासी समाजाच्या किशोरांचे मानसिक आरोग्य त्यांच्या नॉर्वेजियन सवंगड्यांहून फारसे वेगळे आढळलेले नाही, हेही इथे आठवावे. मूलनिवासी असणे हे दुखण्याचे कारण नाही. त्या समाजाचे काय काय हिरावले गेले, हे कारण आहे. न्यूझीलंडमध्ये मेसन ड्यूरी यांनी १९८० च्या दशकात तिथल्या मूलनिवासी माओरींच्या आरोग्याची जी मांडणी केली, तीत आरोग्य म्हणजे चार भिंतींचे घर आहे: शरीर, मन, आत्मिक बाजू आणि कुटुंब. एक भिंत खचली की घर कलते. मनाची भिंत एकटीच डागडुजीला घेणाऱ्या आमच्यासारख्यांना ही प्रतिमा चांगलीच टोचते.

एक सावधगिरी, यशस्वी दिसणाऱ्या मुलांविषयी. जीन ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील गरीब कृष्णवर्णीय मुलांचा दीर्घ पाठपुरावा केला. जिद्दीने अभ्यास करणारी, वागणुकीत नीट, नैराश्य कमी असलेली जी मुले होती, त्यांच्या शरीरावर मात्र ताणाच्या खुणा अधिक उमटल्या होत्या. रक्तदाब, ताणाशी निगडित संप्रेरके, वजन यांतून त्या मोजल्या गेल्या. संशोधकांनी याला कातडीपुरती चिवटता म्हटले. वर्गात पहिल्या येणाऱ्या, कधीही तक्रार न करणाऱ्या अल्पसंख्य गटातील मुलीचे नाव समुपदेशकाच्या यादीत सहसा नसते.

आता तिसरा प्रश्न, खोलीतला. गटाची सरासरी समोरच्या मुलाला लावू नये, हे सांगायला सोपे आहे. मी ते असे अमलात आणतो. मुलाचा गट मी नोंदवहीतून उचलत नाही, त्यालाच विचारतो: ‘तू स्वतःला कुठला समजतोस? घरचे काय समजतात? शाळेत काय समजतात?’ तीन उत्तरे तीन निघाली तर बरेचदा तिथेच काम सुरू होते. भाषा विचारतो, पण ‘मातृभाषा कोणती’ असे नाही. रागावल्यावर कोणती येते, आजीशी कोणती, मनातल्या मनात कोणती. दुभाषा लागला तर मुलाला, त्याच्या भावंडाला किंवा ओळखीच्या शेजाऱ्याला दुभाषा करत नाही. स्थलांतरित घरांत मुले आधीच आई-बापांची कागदपत्रे, बँक, दवाखाना सांभाळत असतात. आपल्याच आजाराचा अनुवाद आईला करून सांगायचा भार त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. वंशभेदाचा अनुभव मी थेट विचारतो, कारण न विचारता तो सांगितला जात नाही. मूल आधी अंदाज घेते की हे ऐकून समोरचा अस्वस्थ होईल का, आणि होईल असे वाटले तर स्वतःला सावरण्याऐवजी ते आपल्यालाच सांभाळून घेते. जिवाचे बरे-वाईट करण्याचे विचार मात्र प्रत्येकाला विचारतो, स्पष्ट शब्दांत, त्याचा गट कोणताही असो आणि त्या गटाची सरासरी काहीही असो. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत.

ज्यांना तयार चौकट हवी असेल त्यांच्यासाठी, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत सांस्कृतिक मांडणीची १६ प्रश्नांची मुलाखत आहे आणि शाळकरी व किशोरवयीन मुलांसाठी तिचा पूरक भागही आहे. ‘तुझ्या अडचणीला तू काय म्हणतोस’, ‘घरचे ती कशामुळे झाली असे मानतात’ अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. सगळे एका बैठकीत विचारू नयेत. चौदा वर्षांचे मूल तिसऱ्या प्रश्नालाच खिडकीबाहेर पाहू लागते.

शेवटी, तुमच्या पत्रातला उपप्रश्न: समुपदेशक त्याच वांशिक गटाचा असणे आवश्यक आहे का? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात असे दिसले की लोक आपल्याच गटातला उपचारक बऱ्यापैकी पसंत करतात, त्याच्याविषयी थोडे अधिक चांगले मत बाळगतात, पण उपचाराच्या परिणामात सरासरीने जवळजवळ फरक पडत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या बाबतीत तो इतरांपेक्षा अधिक दिसला. प्रौढांत हे सरळ आहे. किशोरांत एक गाठ अधिक असते. माझ्या कामात अशी मुले वारंवार येतात ज्यांना आपल्या समाजातला उपचारक मुळीच नको असतो, कारण तो कोणत्या तरी लग्नात, कोणत्या तरी प्रार्थनास्थळी आईला भेटेल ही भीती असते. आणि अशीही येतात ज्यांना दुसरा कोणी चालतच नाही, कारण घरातली प्रत्येक गोष्ट आधी समजावून सांगावी लागेल या विचारानेच ती थकतात. म्हणून मी पहिल्या भेटीत, गोपनीयतेचे नियम सांगून झाल्यावर आणि पालक बाहेर गेल्यावर, हा प्रश्न मुलालाच विचारतो, आणि उत्तर तीन आठवड्यांनी बदलले तरी चालेल असेही सांगून ठेवतो. ते बरेचदा बदलते.